किसणी, पाटा आणि मोटर

नंदुरबारची वाळलेली लाल मिरची मिक्सरच्या भांड्यात टाकून मिनिटभर फिरवली, की तिचे बारीक तिखट होते. त्याच भांड्यात चीजचा तुकडा टाकला, तर त्याचा कीस होत नाही. सुरुवातीला काही बारके तुकडे उडतात, मग ते एकमेकांना आणि भांड्याच्या कडेला चिकटतात. शेवटी पात्याभोवती एक मऊ गोळा जमतो आणि पाते त्याच्या खाली नुसतेच फिरत राहते. पत्र्याची साधी किसणी मात्र हेच काम अर्ध्या मिनिटात, विजेशिवाय करते.

हळदीचे आणि सुंठीचे पीठ करणारे ५०० वॅटचे यंत्र नखाने दाबता येईल अशा मऊ पदार्थापुढे का हरते? या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे इतिहासात. स्वयंपाकघरातले प्रत्येक यंत्र कुठल्यातरी विशिष्ट पदार्थासाठी, कुठल्यातरी विशिष्ट घरात जन्माला आलेले असते. त्याची ती जन्मखूण पुढे कुठेही गेले तरी पुसत नाही.

फुटणे आणि कापले जाणे

आधी पदार्थविज्ञान पाहू. वर्गात एक खडू आणि भिजवलेल्या मातीचा एक गोळा घ्या. दोन्ही जमिनीवर टाका. खडूचे तुकडे होतील, मातीचा गोळा फक्त चपटा होईल. आता त्याच गोळ्यातून ताणून धरलेला दोरा ओढा. गोळ्याचे सहज दोन भाग होतील.

खडू ठिसूळ आहे. आघाताने त्यात एक बारीक तडा जातो आणि तो तडा क्षणात आरपार धावतो. ओल्या मातीत तसे होत नाही. आघाताची ऊर्जा तिचा आकार बदलण्यात खर्च होऊन जाते, तडा पुढे सरकतच नाही. अशा पदार्थाचे तुकडे करायचे तर ठोकून उपयोग नसतो. धार आत शिरवावी लागते आणि सुटलेला भाग बाजूला काढावा लागतो.

वाळलेली मिरची, सुंठ, धने ही खडूच्या जातीची. चीज मातीच्या गोळ्याच्या जातीचे. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे एक जाळे तयार होते, त्या जाळ्यात चरबीचे कण आणि पाणी अडकून राहते, त्याला आपण चीज म्हणतो. ही चरबी थंडीत घट्ट असते. तापमान वाढेल तशी ती मऊ होत जाते आणि शरीराच्या तापमानाला जवळजवळ पूर्ण वितळते. मे महिन्यात तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते तेव्हा फ्रिजबाहेर ठेवलेल्या चीजची काय अवस्था होते, ते सांगायला नको.

त्यात मिक्सर स्वतः उष्णता निर्माण करतो. ५०० वॅटचे यंत्र मिनिटभर चालले तर ३०,००० ज्यूल ऊर्जा खर्च होते. तिचा फक्त दहावा भाग, म्हणजे ३,००० ज्यूल, भांड्यातल्या १०० ग्रॅम चीजमध्ये उतरला असे धरू. एक ग्रॅम चीज एक अंशाने तापायला अदमासे ३ ज्यूल लागतात. म्हणजे चीज दहा अंशांनी तापेल. फ्रिजमधून काढताना घट्ट असलेला तुकडा फिरता फिरताच चिकट होऊ लागतो, तो यामुळे.

तेव्हा पदार्थ बारीक करण्याची दोन अगदी वेगळी तंत्रे आहेत. एक चिरडण्याचे आणि दुसरे तासण्याचे. पाटा-वरवंटा, जाते, खलबत्ता, उखळ-मुसळ ही पहिल्या घराण्यातली. विळी, खवणी, किसणी ही दुसऱ्या घराण्यातली. दोन्ही घराणी हजारो वर्षे जुनी आहेत, पण त्यांची भरभराट वेगवेगळ्या प्रदेशांत झाली.

पाट्याचे घराणे

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशे हे गाव आहे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वतीने बा. कृ. थापर यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकाखाली एक उघडे झाले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या काठावर शेती करून धान्य दळून खाणारी माणसे राहत होती. दख्खनच्या ताम्रपाषाण वसाहतींमध्ये मध्यभागी झिजून खोलगट झालेले दगडी पाटे आणि हातात धरायचे वरवंटे सापडतात. त्याहून जुने पाटे मोहेंजोदडोच्या घरांत मिळाले आहेत. या पाट्यांवर मुख्यतः धान्य दळले जाई, कारण गोल फिरणारे जाते तेव्हा नव्हते. बाई गुडघ्यांवर बसून सगळ्या अंगाचा भार वरवंट्यावर टाकत पुढे-मागे होत असणार.

सातवाहन काळात पाट्याला पाय आले. त्याच सुमाराच्या शतकांत गोल फिरणारे जातेही भारतात दिसू लागते. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी भारतातल्या या फिरत्या जात्यांविषयी १९५९ साली एक स्वतंत्र लेख लिहिला होता. यंत्रांच्या इतिहासात हा बदल फार मोठा आहे. पुढे-मागे करण्याच्या हालचालीत प्रत्येक खेपेला हात थांबवावा लागतो आणि पुन्हा वेग द्यावा लागतो. गोल फिरण्यात दगडाला मिळालेली गती दगडातच टिकून राहते. पुढे बैल, वाहते पाणी, वाफ आणि वीज यांना जोडता आली ती ही गोल हालचाल. आजची पिठाची गिरणी ही जात्याचीच नात आहे.

धान्य जात्यावर गेले, तरी पाटा उरला. ओले वाटण जात्यात करता येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून मिरची आली आणि पाट्याला नवे काम मिळाले. आज मिरचीशिवाय खानदेशी जेवणाची कल्पनाही करता येत नाही. नंदुरबारची बाजारपेठ देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एक आहे. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते, तेव्हा वाऱ्याबरोबर ठसका गावात येतो. ही मिरची चार-साडेचारशे वर्षांची पाहुणी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

पाट्यावर वाटताना दोन गोष्टी एकदम होतात. वरवंट्याचा भार पदार्थ दाबतो आणि वरवंटा सरकताना त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. पदार्थ दाबला जातो आणि फाटलाही जातो. वेग कमी असल्यामुळे उष्णता फारशी निर्माण होत नाही. पाट्यावरच्या चटणीची चव वेगळी लागते असे जुनी माणसे म्हणतात, त्याला आठवणींइतकाच या कमी वेगाचाही आधार आहे. मात्र त्या चवीची किंमत कोणाच्यातरी खांद्याने, मनगटाने आणि कमरेने मोजलेली असते.

किसणीचे घराणे

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. ग्रीक महाकाव्य इलियडच्या अकराव्या सर्गात युद्धातून परतलेल्या योद्ध्यांसाठी पेय तयार करण्याचा प्रसंग आहे. मद्यात शेळीच्या दुधाचे चीज ब्राँझच्या किसणीवर किसून घालतात आणि वर सातूचे पीठ भुरभुरतात. हा केवळ कवीचा कल्पनाविलास नव्हता. ग्रीसमधल्या लेफकांडी या ठिकाणी इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातल्या योद्ध्यांच्या थडग्यांत खरोखरच ब्राँझच्या किसण्या सापडल्या. शस्त्रांबरोबर किसणी पुरावी, इतका तिला मान होता.

भूमध्य सागराच्या काठी किसणीला इतके महत्त्व का आले? दूध नासते. ते टिकवण्याचे मार्ग प्रत्येक समाजाने आपापले शोधले. तिथे वासराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रेनेट या पाचक द्रव्याने दूध गोठवून, पाणी पिळून, मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवत. असे मुरलेले चीज दगडासारखे घट्ट होते. ते खायचे तर किसावेच लागते.

आपल्याकडे दूध टिकवण्याची वाट दही, लोणी, तूप आणि खवा यांच्याकडे गेली. तूप उन्हाळ्यातही महिनोन्‌महिने टिकते, मग चीज मुरवण्याची गरज कोणाला? शिवाय वासराच्या जठरातले द्रव्य दुधात घालणे इथे बहुतेकांना रुचणारे नव्हते. पनीर आपण करतो, पण ते लिंबाने किंवा आंबटाने फोडलेले असते. त्याचे जाळे वेगळ्या प्रकारचे असते, म्हणून ते कुस्करते आणि तापवले तरी चीजसारखे वितळून तार धरत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे किसणीचे घराणे नव्हते असा नाही. फक्त त्याचे काम वेगळे होते. कोकणात विळीच्या टोकाला खवणी आली, कारण तिथे रोज ओला नारळ लागतो. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशात सुके खोबरे येते, ते किसून किंवा काप करून भाजतात आणि काळ्या मसाल्यात वाटतात. म्हणजे एकच फळ किनाऱ्यावर खवणीखाली जाते आणि तापीकाठी किसणीवरून पाट्यावर. कैरी, दुधी, गाजर यांनाही किसणी लागतेच. पण आपल्या स्वयंपाकघराचा खरा भार वाटणावर, म्हणजे पाट्यावरच राहिला.

चीज आपल्या घरांत शिरले ते फार उशिरा आणि कारखान्यातून. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थुन या गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज वितळवून त्यात विशिष्ट क्षार मिसळून ते पुन्हा घट्ट करण्याची रीत शोधली. या क्षारांमुळे प्रथिने, चरबी आणि पाणी एकमेकांना धरून राहतात. चीज लांबच्या प्रवासातही टिकते, पण थोडे रबरासारखे होते. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या चौकोनी वड्या या जातीच्या. साठच्या दशकात आणंदच्या सहकारी दूध संघाने म्हशीच्या दुधापासून चीज बनवायला सुरुवात केली. म्हशीच्या दुधात चरबी गाईच्या दुधाच्या दीडपटीहून अधिक असते, त्यामुळे युरोपातल्या रीती जशाच्या तशा चालत नव्हत्या. पुढे बुरशीपासून मिळवलेले रेनेट उपलब्ध झाले आणि शाकाहारी ग्राहकाचा आक्षेपही दूर झाला. मग पावाच्या दुकानातून, कॉलेजच्या कँटीनमधून हा पदार्थ तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. तो किसायला घरात मिक्सर होता, पण तो मिक्सर पाट्याच्या घराण्यातला होता.

मोटर येते, आणि जळते

विजेची मोटर स्वयंपाकघरात आणण्याचे प्रयत्न अमेरिकेत सुरू झाले. १९१९ साली हॉबार्ट कंपनीने कणीक मळणारे, अंडी फेटणारे यंत्र घरगुती वापरासाठी बाजारात आणले. १९२२ साली स्टीफन पॉपलॉवस्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरते पाते असलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचा उद्देश दुकानात थंड पेये घुसळणे हा होता. १९३७ साली फ्रेड वेअरिंग या बँडमास्तराच्या नावाने असेच एक यंत्र गाजले. या सर्वांच्या डोळ्यांपुढे दूध, फळे आणि बर्फ होते. ओली मिरची, भिजवलेली डाळ आणि सुके खोबरे नव्हते.

अशी परदेशी यंत्रे भारतातल्या काही घरांत आली आणि चटणी वाटताना जळू लागली. का जळली, ते समजून घेण्यासारखे आहे.

मिक्सरमधली मोटर फिरत असताना स्वतः थोडी जनित्रासारखीही वागते. ती येणाऱ्या विजेला विरोध करणारा दाब निर्माण करते. जितकी वेगाने फिरेल तितका हा विरोध जास्त आणि आत शिरणारा प्रवाह कमी. दूध घुसळताना पाते सुसाट फिरते, त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. घट्ट चटणीत पात्याला अडथळा होतो, वेग उतरतो, विरोध कमी होतो आणि प्रवाह वाढतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आणखी एक गोष्ट आहे. मोटरला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो. म्हणजे मोटर सर्वाधिक तापते नेमक्या त्याच वेळी पंखा सर्वांत हळू फिरत असतो. तारेवरचे लाखेचे आवरण वितळते, जळका वास येतो आणि यंत्र कायमचे बंद पडते.

मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्य प्रकाश माथूर यांच्या घरी असेच झाले, असे सांगतात. पत्नी माधुरी यांचा जर्मन ब्राऊन मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही. माथूर यांनी प्रश्न उलट बाजूने पाहिला. पदार्थ यंत्राला झेपत नाही, याचा अर्थ यंत्र चुकीच्या पदार्थासाठी बनवले आहे. भाराखाली दम न सोडणारी मोटर, कोरड्या आणि ओल्या कामासाठी निराळी पाती, मजबूत भांडी अशी रचना करून १९६३ साली त्यांच्या कंपनीतून 'सुमीत' मिक्सर निघाला. पुढे काही दशके महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत सुमीत हे नाव मिक्सरचा पर्यायी शब्द होऊन बसले होते.

दक्षिणेत कोइमतूरच्या कारागिरांनी पन्नाशीच्या दशकातच वेगळी वाट धरली होती. त्यांनी दगड सोडला नाही, त्या दगडालाच मोटर जोडली. इडलीचे पीठ हळूहळू, न तापता वाटले जावे म्हणून. एकाने पात्याचा वेग वाढवला, दुसऱ्याने दगडाचा संथपणा राखला. दोघांनीही आपल्याच स्वयंपाकघराकडे पाहून यंत्र घडवले, आणि दोघांनीही पाट्याचेच घराणे पुढे नेले.

छिद्राचा शोध

चीज किसणारे विजेचे यंत्र आले ते फ्रान्समधून. पिअर व्हेर्दों यांनी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी रोबो-कूप हे यंत्र तयार केले होते. १९७१ च्या सुमारास त्याची घरगुती आवृत्ती निघाली. अमेरिकन अभियंते कार्ल सोंथायमर यांनी ती पाहिली, तिच्यात सुधारणा केल्या आणि १९७३ साली शिकागोच्या प्रदर्शनात 'क्विझिनार्ट' या नावाने मांडली. पुढे अशा यंत्रांना सगळीकडे फूड प्रोसेसर म्हणू लागले. आपल्याकडे मिक्सरच्याच मोटरीवर दातेरी चाके किंवा पट्टा वापरून वेग उतरवतात आणि वर मोठे भांडे व चकत्या बसवतात.

या चकतीत आणि मिक्सरच्या पात्यात फरक काय, तो गणिताने पाहू. मिक्सर मोकळा फिरत असताना मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३००. पात्याचा व्यास ८ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे २५ सेंटिमीटर. पात्याचे टोक सेकंदाला ७५ मीटर जाते, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. फूड प्रोसेसरची चकती मिनिटाला दीड हजार फेरे घेते असे धरू. तिचा व्यास १६ सेंटिमीटर असेल, तर कडेचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर होतो. साधारण सहावा हिस्सा.

पण वेगापेक्षाही महत्त्वाचे असे दोन फरक आहेत. मिक्सरच्या भांड्यात चीजचा तुकडा मोकळा असतो, पाते लागताच तो पुढे पळतो. फूड प्रोसेसरमध्ये तो नळीत वरून दाबून धरलेला असतो, त्यामुळे धार त्याच्यात शिरतेच. दुसरे असे की, सुटलेला कीस चकतीच्या छिद्रातून खाली पडतो आणि धारेच्या वाटेतून कायमचा बाजूला होतो. मिक्सरमध्ये अशी सुटका नसते. जो कण एकदा कापला गेला तो पुन्हा पुन्हा पात्याखाली येतो, तापतो, दाबला जातो आणि शेजारच्या कणाला चिकटतो. किसणीकडे पाहताना आपले लक्ष तिच्या दातांकडे जाते. तिचे खरे मर्म दातामागच्या छिद्रात आहे. लेफकांडीच्या ब्राँझच्या किसणीत ते होते, बाजारातल्या पत्र्याच्या किसणीत आहे आणि फूड प्रोसेसरच्या चकतीतही आहे.

हे कळले, की घरात काय करावे ते आपोआप समजते. चकती असेल तर ती वापरावी आणि वरून हलका दाब द्यावा. फक्त मिक्सर असेल, तर चीजचे लहान तुकडे पंधरा-वीस मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट करावेत, भांडे निम्म्याहून कमी भरावे आणि यंत्र सलग न चालवता क्षणभर सुरू, क्षणभर बंद असे करावे. गारठलेली चरबी चीजला काही काळ ठिसूळ बनवते, म्हणजे मातीचा गोळा थोडा वेळ खडूसारखा वागतो. तरीही लांब कीस मिळणार नाही, रवाळ चुरा मिळेल. आणि पात्याला चिकटलेला गोळा काढण्यापूर्वी मिक्सरची पिन काढायला विसरू नये.

किसायचे तरी कशाला, असे कोणी विद्यार्थी विचारील. त्याला हे गणित घालावे. २ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी तुकड्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर असते. त्याच्या २ मिलिमीटर जाड आणि २ सेंटिमीटर लांब अशा १०० काड्या केल्या, तर प्रत्येक काडीचे पृष्ठफळ १.६८ आणि सर्वांचे मिळून १६८ चौरस सेंटिमीटर होते. पदार्थ तेवढाच, पृष्ठभाग सातपट. म्हणून कीस लवकर वितळतो. आणि त्याच कारणाने तो लवकर सुकतो, लवकर बुरशी धरतो.

बिलगावचे गणित

आतापर्यंत आपण वीज आहे असे धरून चाललो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, तेव्हा सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या अनेक पाड्यांवर वीज पोचलेली नव्हती. अक्राणीतल्या बिलगावला केरळमधून आलेले अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि गावकरी यांनी मिळून धबधब्याच्या पाण्यावर वीजनिर्मितीचा छोटा प्रकल्प उभारला. गावकऱ्यांनी श्रमदान केले. २००३ च्या सुरुवातीला तो सुरू झाला. क्षमता १५ किलोवॅट होती आणि सुमारे १८० घरांना वीज मिळू लागली. २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने तो नष्ट झाला.

हे आकडे वर्गात मांडून पाहा. १५,००० वॅट १८० घरांत वाटले तर प्रत्येक घराच्या वाट्याला सुमारे ८३ वॅट येतात. त्यात दोन दिवे लागतील, एक पंखा फिरेल. ५०० वॅटचा मिक्सर चालणार नाही. एका मिक्सरला सहा घरांचा वाटा लागेल.

पण ऊर्जेच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. ८३ वॅटचा वाटा तासभर वापरला तर जेवढी ऊर्जा होते, तेवढीच ५०० वॅटच्या मिक्सरला दहा मिनिटांत लागते. एका वेळी ३० मिक्सर चालू शकतात. तीस-तीस घरांनी दहा-दहा मिनिटांच्या सहा पाळ्या लावल्या, तर एका तासात १८० घरांचे वाटण होईल. अट एवढीच की त्या तासात दुसरे काही चालवायचे नाही आणि पाळी मोडायची नाही.

शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक पुस्तकातल्या व्याख्येने समजत नाही, तो अशा हिशेबाने समजतो. मिक्सर महिनाभर वापरला तरी युनिटे थोडीच पडतात, मात्र त्याला हवी तेव्हा एकदम पुष्कळ शक्ती लागते. ज्या गावात वीज थोडी आहे तिथे यंत्राचा प्रश्न शेजाऱ्यांबरोबर ठरवलेल्या वेळापत्रकाचा प्रश्न होतो. शहरात तो वेळापत्रकाचा प्रश्न दूरच्या वीजकेंद्रात कोणीतरी आपल्यासाठी सोडवत असतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

वाचलेला वेळ

यंत्र आले म्हणजे कष्ट गेले, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात हे गृहीत तपासले. त्यांना असे दिसले, की घरात यंत्रे आल्यावर गृहिणीचे कष्ट हलके झाले, पण तास फारसे कमी झाले नाहीत. पूर्वी लाकूड फोडणे, धान्य दळून आणणे अशी पुरुष आणि मुले करत असलेली कामे यंत्रांनी नाहीशी केली, आणि बाईकडून असलेल्या अपेक्षा वाढल्या.

आपल्याकडे काय दिसते? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय ही कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्के आहे आणि पुरुषांत २६ टक्के. मिक्सर बाजारात येऊन तेव्हा ५६ वर्षे झाली होती.

जात्याच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. पहाटेच्या दळणाबरोबर बाया ओव्या गात. गावात गिरणी आली, हात मोकळे झाले, आणि ओव्या गाण्याची वेळही गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी ऐंशीच्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. त्या ओव्यांत सासरचे दुःख आहे, भावाची वाट आहे, देव आहे. दळण्याचा शीणही आहे. ओव्या गेल्या म्हणून जाते परत आणावे, असे ज्यांनी ते ओढले त्यांतली क्वचितच कोणी म्हणेल. जे करायला हवे ते ओव्या टिपून ठेवण्याचे काम होते, आणि ते काहींनी केले.

आपल्या वर्गातल्या मुलांना घरी एक छोटी पाहणी करायला सांगता येईल. घरात वाटण्या-किसण्याची कोणती साधने आहेत, ती कधी आली, आज वापरात कोणती आणि ती कोणाच्या हाती असतात? आजीच्या वेळी त्या कामाला किती वेळ लागे आणि आता किती लागतो? आणि वाचलेला वेळ कोणत्या कामात जातो? पहिल्या प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञानाचा इतिहास सांगतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी आईलाच विचारावे. त्या दिवशी किसणी किंवा मिक्सर वर्गातल्या मुलग्यांनी हाती घेतला, तर पाहणीचा तोही एक निष्कर्ष म्हणून नोंदवायला हरकत नाही.